माझ्या अक्षरातला फुटपाथ

माझे बाबा रायपूरच्या गोल बाजारात एका भांड्यांच्या दुकानात कामाला होते आणि आम्ही त्याच दुकानाच्या माळ्यावर राहत होतो. मालक वारले. त्यांच्या मुलांना माळा गोदामासाठी हवा होता. बाबांची नोकरी त्यांनी ठेवली, राहायचं तेवढं दुसरीकडे बघा म्हणाले. मी तेव्हा चौथीत होते. आई, बाबा, मी, धाकटी बहीण आणि दोन ट्रंका, असे आम्ही स्टेशनकडच्या एका धर्मशाळेत गेलो.

धर्मशाळेचा नियम होता तीन दिवसांचा. त्यानंतर खोली सोडायची. बाबा तिसऱ्या दिवशी ट्रंका व्हरांड्यात आणून ठेवायचे, आम्ही त्यांच्यावर बसायचो, आणि तासाभराने तिथले मुनीमजी चष्मा पुसत वहीचं नवं पान उघडायचे. "कहां से आए?" "राजनांदगांव से," बाबा म्हणायचे. पुढच्या वेळी दुर्ग. मग भंडारा. कधी बाबांच्या नावाने, कधी आईच्या, एकदा तर वारलेल्या आजोबांच्या नावाने आम्ही तिथे उतरलो. मुनीमजींना सगळं ठाऊक होतं. ते खोटं लिहीत होते म्हणून आमच्या डोक्यावर छत होतं. व्हरांड्यात बसलेली असताना ओळखीचं कुणी दिसलं की आई पदर पुढे ओढायची आणि आम्हाला म्हणायची, "खाली पाहा." असे साडेतीन महिने गेले. मग एका पाऱ्यात, म्हणजे आमच्याकडच्या मोहल्ल्यात, खोली मिळाली.

त्या खोलीतून मी बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेजचं दार पाहिलेली मी पहिली. बाबा दुकानात परातीवर ग्राहकाचं नाव कोरताना, न विचारता, सांगायचे की माझी पोट्टी ग्रॅज्युएट आहे. माझं अक्षर छापल्यासारखं होतं आणि मला त्याचा गर्व होता. आज ते सांगायला बरं वाटत नाही, पण होता.

पुढे मी एका संस्थेत लागले आणि नोकरीची सगळी वर्षं बेघरांच्या आश्रयस्थळात काढली. बायकांचं आणि कुटुंबांचं आश्रयस्थळ, चाळीस खाटांचं. लोक त्याला रैन बसेरा म्हणतात. नव्या रायपुरात फ्लॅट घेतलेले आपले मराठी लोक लग्नकार्यात भेटले की विचारतात, "तुम्ही ते भिकाऱ्यांचं वसतिगृह चालवायच्या ना?" मी भांडत नाही. फक्त सांगते की भीक मागणाऱ्या बायका माझ्याकडे फार थोड्या आल्या. नवऱ्याने दाराला कुलूप लावून बाहेर काढलेल्या, दवाखान्यात पेशंट घेऊन खेड्यावरून आलेल्या, भिंत पडलेल्या, झोपडी जळालेल्या, मालकिणीने काम आणि खोली दोन्ही एका दिवशी काढून घेतलेल्या, अशा बायका जास्त. एक म्हातारी होती. रोज सकाळी सामानाच्या पेटीची किल्ली परत करायची, आज मुलाकडे चालले म्हणायची, आणि संध्याकाळी येऊन सांगायची की तो गावाला गेलाय. आम्ही किल्ली पुन्हा द्यायचो. एकीने टोपलीत कोंबडा आणला होता. जनावर आत घ्यायचं नाही असा नियम, आणि ती कोंबडा सोडायला तयार नव्हती. आमच्या देवकाबाई तिला गंभीरपणे म्हणाल्या, "बाई, हा बायकाईचा हॉल आहे. कोंबडा पुरुष आहे. त्याले व्हरांड्यात झोपू द्या." ती पटकन कबूल झाली.

या देवकाबाई गोंदियाकडच्या. स्वयंपाक, झाडलोट, भांडणं सोडवणं, सगळं त्यांच्याकडे. शाळा दुसरीपर्यंत. आश्रयस्थळ खरं तर त्या चालवत होत्या, मी त्याचे कागद चालवत होते.

कागद हा या कामाचा अर्धा भाग आहे, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. खाट, पांघरूण, गरम भात, आंघोळीचं पाणी हे पहिल्या दिवसाचं. त्यानंतर आधार कार्ड, रेशन कार्ड, पेन्शन, घरासाठीचा अर्ज. ज्याला पत्ता नाही त्याचा प्रत्येक कागद पत्त्यापाशी येऊन अडतो. आणि या सगळ्याची सुरुवात आमच्या भरतीच्या रजिस्टरात होते. त्यात एक रकाना आहे: येण्यापूर्वी कुठे राहत होते. छापील पर्याय असे: फुटपाथ, स्टेशन, बस स्टँड, इतर. तपासणीला येणारे म्हणायचे, झोपडी असलेला माणूस बेघर कसा? त्यामुळे झोपडी जळालेली असो की नवऱ्याने हाकललेली असो, आम्ही 'फुटपाथ' लिहायचो. कुणी शिकवलं नव्हतं. एकीने लिहिलं, दुसरीने तसंच लिहिलं. त्या शब्दावर बाईला खाट मिळत होती. मला त्यात गैर वाटत नव्हतं. मुनीमजींचंच काम मी पुढे चालवते आहे, असं काहीसं मनात होतं.

आता केजाची गोष्ट. ती लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला.

उन्हाळ्याचे दिवस होते. शहराच्या कडेला भनपुरीत ट्रकांच्या अड्ड्यामागे नाल्याच्या काठाने झोपड्यांची एक ओळ होती. दुपारी तिथल्या टायरवाल्याच्या ढिगाला आग लागली आणि ओळच्या ओळ गेली. माणसं वाचली. आमची गाडी पोचली तोवर बंब येऊन गेला होता. काळा चिखल, वाकलेले पत्रे, आणि रबराचा असा वास की जीभसुद्धा कडू व्हावी. बायका पोरांना घेऊन कडुनिंबाच्या सावलीत गेल्या होत्या. पण प्रत्येक जळक्या चौकोनात एकेक माणूस बसलेलं होतं. कुणी विटेवर, कुणी उपड्या घमेल्यावर, कुणी तसंच ओल्या राखेत. भर उन्हात, गप्प.

असं बसणं मी आधीही पाहिलं होतं, झोपड्या पाडल्यावर. मला वाटायचं, धक्का बसलाय किंवा हट्ट आहे. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं होतं की जागेवरून माणसं लवकर हलवा. खाली निखारे असतात, वायर लोंबत असते. त्यात चुकीचं काही नाही.

केजा तिशीची असेल. नवरा मनराखन ट्रकवर ओडिशाकडे गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. ती आपल्या चौकोनात बसली होती, कुशीत तीन वर्षांची मुलगी आणि मांडीवर सासूचं डोकं. सासूला ती दाई, म्हणजे आई, म्हणायची; तिला दमा होता. धुराने म्हातारीच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

मी म्हणाले, "चल केजा, दाई को लेके गाड़ी में बैठ."

"मैं नइ जावंव दीदी. मोर घर इही हे."

"घर कहां है? राख है."

"हव," ती म्हणाली. "फेर राख तो मोर हे." हो, पण राख तर माझी आहे.

मग मी रागावले. म्हणाले, "दाई को कुछ हो गया तो राख को पकड़ के रोएगी?" ती उठली. शेजारणीला म्हणाली, "देखत रहिबे बहिनी." शेजारीण हव म्हणाली.

गाडीत देवकाबाई हळूच म्हणाल्या, "वंदनाबाई, तिच्या जागेवर कोणाले तरी बसू द्यायले पायजे होतं."

"कोणाले बसवू? डोकरीले?"

"मी बसली असती."

"तुम्ही बसल्या तर भात कोण लावेल?"

"तुम्हाले येत नाही का लावता? बी.ए. झाल्या ना."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आश्रयस्थळात मी केजाचं पान भरलं. नाव, वय, सोबत कोण. आणि त्या रकान्यात, पेन न थांबवता, फुटपाथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः केजाला आणि सासूला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. म्हातारीच्या नाकाला वाफेचा मास्क लावला, तिचा श्वास सुधारला, आणि मला आपण फार चांगलं काम करतोय असं वाटलं. त्याच वेळी भनपुरीत सरकारी घरं देणाऱ्या ऑफिसचे सर्वेवाले आले होते. ज्यांच्या झोपड्या जळाल्या त्यांना पक्की घरं द्यायची म्हणून यादी होत होती. प्रत्येक कुटुंबाने आपल्या जागेवर उभं राहायचं, फोटो निघायचा, चुन्याने चौकट आखून नंबर पडायचा. शेजारीण केजाच्या चौकोनाकडे बोट दाखवून सांगत राहिली की ही केजाची जागा. सर्वेवाला म्हणाला, "तो बुलाओ." कुठून बोलावणार? कुणापाशी माझा नंबर नव्हता. मी दिलाच नव्हता.

राखेवर का बसतात, हे मला अशा रीतीने कळलं. जो उठतो त्याची जागा जाते. हे त्या ओळीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, देवकाबाईंना माहीत होतं. मला नव्हतं.

काही आठवड्यांनी यादी लागली. केजा आश्रयस्थळात माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "दीदी, सबके नाव हे. मोर नइ हे." तक्रारीचा सूर नव्हता. मी काहीतरी करेन असं तिला वाटत होतं.

मी तिला घेऊन त्या ऑफिसात गेले. तिथल्या बाबूने अर्ज वाचला, फाईल काढली आणि एक झेरॉक्स माझ्याकडे फिरवली. केजा आमच्याकडे असल्याचं शेजारणीने सांगितलं होतं, म्हणून चौकशीसाठी त्यांनी आमच्याच संस्थेकडून रजिस्टरची नक्कल मागवली होती. पान माझं होतं. सरळ शिरोरेखा, टपोरी अक्षरं.

"ये तो फुटपाथ वाली है, मैडम. ये सूची झोपड़ी वालों की है."

"ये मैंने ही लिखा है. गलत लिखा है."

"लिखा हुआ गलत कैसे होगा?" तो म्हणाला. "आप तो पढ़ी-लिखी हैं."

टोमणा मारला असता तर मी उत्तर दिलं असतं. तो अगदी साधेपणाने बोलला होता.

केजाला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "का लिखाय हे दीदी?" काय लिहिलंय ते मी सांगितलं. ती म्हणाली, "मैं तो कभू फुटपाथ म नइ सूते हंव."

फुटपाथवर ती एक रात्रही झोपली नव्हती.

चूक मी केली होती, ती लिहून द्यायची होती. एवढं सोपं. पण आमचे प्रकल्प अधिकारी मिश्राजी म्हणाले, "दीदी, आप चिट्ठी देंगी तो एक पन्ना नहीं खुलेगा, पूरा रजिस्टर खुलेगा." ते खरं बोलत होते. पानापानावर फुटपाथ होता. मग मी आडवाटेने प्रयत्न सुरू केले. याला तोंडी सांग, त्याच्याकडून फोन करव, ओळखीच्या साहेबाला भेट. त्यात दिवस गेले. हरकती घ्यायची मुदत संपत चालली होती. इकडे नाल्याकाठच्या जागेला तारेचं कुंपण पडलं होतं आणि केजा रोज काम सोडून त्या कुंपणाबाहेर जाऊन बसू लागली होती. आता तिथे बसून काही उपयोग नव्हता. तरी बसायची. देवकाबाई तिला डबा नेऊन द्यायच्या.

एक दिवस डबा भरता भरता देवकाबाईंनी मला विचारलं, "तुम्ही काहून थांबून राहिल्या?"

"रजिस्टर उघडलं तर आश्रयस्थळ बंद होईल. या चाळीस जणी कुठं जातील?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "त्या चाळीस बायकाईले पुढं नका करू, वंदनाबाई. तुम्ही भेवून राहिल्या, असं म्हणा."

मी भ्यायलेच होते. नोकरी जाईल याला, आणि त्याहून जास्त, माझं अक्षर खोटं ठरेल याला. मुनीमजींचं खोटं कुणाला नडलं नाही, कारण ती वही पुन्हा कुणी उघडून पाहिली नाही. माझं रजिस्टर मात्र कुणाच्या तरी घराचा पुरावा होणार होतं, आणि भरताना हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

मी भनपुरीला गेले. शेजाऱ्यांच्या सह्या, अंगठे घेतले. ऑफिसात म्हणाले, हे सगळे आपसातले लोक, आगीच्या आधीचं काही लिखित आणा. केजाचे कागद तर झोपडीबरोबर जळाले होते. तेव्हा शेजारीण म्हणाली, "सुखबती करा पूछ लव ना." सुखबती त्या पाऱ्याची मितानिन. मितानिन म्हणजे वस्तीतलीच बाई, जी घरोघर जाऊन बाळंतपणं, लसी, ताप-खोकला यांची नोंद ठेवते. आठवी शिकलेली. तिचं घर नाल्याच्या दुसऱ्या बाजूला, म्हणून वाचलेलं. तिने मिठाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेली एक वही काढली. तेलाचे डाग, तिरक्या ओळी, आणि नाल्याच्या काठाने घरामागून घर लिहिलेलं. टायरवाल्याच्या नंतर: केजा, मनराखन की घरवाली. सास को दमा. बेटी का टीका लगा. खाली तारीख, आगीच्या कितीतरी आधीची. एकाच नाही, भेट दिली त्या प्रत्येक महिन्याची.

मी म्हणाले, "सुखबती, तूने बहुत अच्छा लिखा है."

ती लाजली. "मोर अक्षर बने नइ हे दीदी. मैं जउन देखथंव, तउने लिखथंव. बना के लिखे बर मोला नइ आवय."

जे दिसतं तेच ती लिहायची; रचून लिहायला तिला येत नव्हतं. मला येत होतं, आणि त्याचं माझ्याकडे सर्टिफिकेट होतं.

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं. केजा नाल्याकाठच्या झोपडीत राहत होती, फुटपाथ ही नोंद माझी, ती खोटी, सवयीने केलेली, आणि ही एकच नोंद तशी नाही. सोबत सुखबतीच्या वहीच्या नकला जोडल्या. मिश्राजींनी पत्र दोनदा वाचलं, खाली आपली सही केली नाही, पण अडवलंही नाही. मुदत संपायला दोन दिवस असताना मी ते स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली.

रजिस्टर उघडलं गेलं. माझ्याकडून खुलासा मागितला, मी जे होतं तेच पुन्हा लिहिलं. भरतीचं काम माझ्याकडून काढलं. शेवटची दोन वर्षं मी सामानाच्या खोलीत होते, गाद्या आणि ब्लँकेटं धुवायला देणं-घेणं बघत. भरती एक नवी मुलगी करायची. ती मला काही विचारायला यायची तेव्हा आवाज जरा खाली ठेवायची, जसं आजारी माणसाशी बोलतात. आश्रयस्थळ बंद झालं नाही. फॉर्ममध्ये एक मोकळी ओळ वाढवली गेली, तिच्यात बाई स्वतः सांगेल ते लिहायचं.

कामाची पद्धतही बदलली. आता झोपड्या जळाल्या किंवा पडल्या की आमच्या गाडीतून आजारी माणसं आणि लेकरं आणतात, पण प्रत्येक जागेवर त्या घरचं कुणीतरी राहू देतात. घरचं कुणी नसेल तर आमच्यापैकी एक जण तिथे बसते. छत्री, पाणी आणि जेवण तिथेच जातं. हे देवकाबाईंनी सुरू केलं. कुणी त्यांना परवानगी दिल्याचं मला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र मला सोडत नाही. जुन्या रजिस्टरांत माझ्या हातचे किती फुटपाथ असतील? त्यातल्या कुणाला, कुठल्या ऑफिसात, कुणी ते पान फिरवून दाखवलं असेल? रिटायर व्हायच्या आधी मी जमेल तेवढ्या बायका शोधल्या आणि त्यांना दुरुस्तीचं पत्र दिलं. सापडल्या त्या थोड्या. बाकीच्यांचं मला माहीत नाही, आणि आता कळेल असंही नाही.

केजाच्या अर्जावर पुन्हा चौकशी लागली. त्या ऑफिसचे साहेब स्वतः भनपुरीला आले. कुंपण उघडून केजा आत गेली आणि कुणी न विचारता एका ठिकाणी जाऊन उभी राहिली. ट्रकवरून परत आलेला मनराखन तिच्या शेजारी. सुखबतीने वही हातात धरून दोन्ही बाजूंची घरं क्रमाने सांगितली. साहेबांनी ती चुन्याच्या नंबरांशी ताडून पाहिली. दोन नंबरांच्या मध्ये एक घर बसेल एवढी जागा रिकामी होती.

पुरवणी यादीत केजाचं नाव आलं. सासूला जिना चढवत नाही म्हणून तळमजला मिळाला. घर केजा आणि मनराखन दोघांच्या नावावर आहे. नाल्याकाठच्या त्या ओळीतल्या सगळ्या कुटुंबांना घर मिळालं, केजाला सगळ्यांत शेवटी. ती आता त्या घरात राहते.